वग कोणता लावणार?

भाऊ-बापू मांग नारायणगावकर. तमाशाच्या एका फडाचं हे नाव. त्यात दोन माणसांची नावं आहेत, त्यांची जात आहे, गाव आहे. नाही ते फक्त आडनाव. हे घराणं नारायण खुडे यांचं. फड नारायणरावांनी उभा केला आणि पुढच्या पिढीनं तो महाराष्ट्रभर फिरवला. पण खुडे म्हणून या घराण्याला आज कुणी ओळखत नाही. भाऊंची मुलगी जुलै १९३५मध्ये पंढरपुरात जन्मली. विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून विठा. तीच पुढं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावानं मराठी मुलखाला माहीत झाली.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत फडांची नावं अशीच पडत गेली. दत्तोबा तांबे शिरोलीकर, वसंत अवसरीकर, तुकाराम खेडकर, चंद्रकांत ढवळपुरीकर. तमाशात उभी राहिलेली बहुतेक माणसं मांग, महार, कोल्हाटी समाजांतली. ज्या गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं, ज्या गावच्या पाणवठ्यावर त्यांच्या आज्या-पणज्यांना घागर बुडवता येत नव्हती, त्याच गावाचं नाव त्यांनी आपल्या नावापुढं लावलं आणि ते चांद्यापासून बांद्यापर्यंत पोचवलं. शिरोलीच्या पाटलाचं नाव चार गावांपलीकडं कुणाला ठाऊक नसेल, शिरोलीकरांचं होतं. हे गाव माझंही आहे, असा हक्कच त्या ‘कर’मधून सांगितला जात होता, असं मला वाटतं.

संगमनेरच्या कांताबाई सातारकरांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्यांचा जन्म १९३९चा, गुजरातमधल्या टिंबा नावाच्या गावातला. आईवडील मूळचे साताऱ्याकडचे, पोटासाठी तिकडं गेलेले. मुलगी परत आली, बोर्डावर उभी राहिली आणि कायमची सातारकर झाली. वगात, म्हणजे तमाशातल्या कथाभागात, त्यांनी पुरुषांच्या भूमिका केल्या, त्यांत शिवाजी महाराजही आले. मिशा लावून, जिरेटोप चढवून एक बाई जत्रेतल्या हजारो माणसांसमोर छत्रपती म्हणून उभी राही, आणि लोक ते मानत. शिवनेरीचं नाव घेऊन जगणाऱ्या या मुलखात ते मानलं जाणं साधी गोष्ट नाही. बोर्डावर कोण कोण होऊ शकतं, याचा निकाल तिथं जन्मावर लागत नसे, अभिनयावर लागे.

फड ही नाटक कंपनी आहे, असं कुणी सहसा म्हणत नाही. मला ते म्हणायचं आहे, आणि त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतील. १८४३मध्ये सांगली संस्थानात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते मराठी नाटकाचं पहिलं पाऊल म्हणून आपण शाळेत शिकलो. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १८६५च्या सुमारास, त्याच मुलखातल्या सावळजच्या उमा मांग यांनी ‘मोहना-बटाव’ रचला. तो पहिला वग मानला जातो. त्याआधी तमाशात गण होता, गौळण होती, लावणी होती, सवाल-जवाब होते. सलग गोष्ट, तिच्यातली पात्रं आणि रात्रभर चालणारा त्यांचा संघर्ष ही भर वगानं घातली. म्हणजे ते नाटकच झालं. तरी भावे मराठी रंगभूमीचे जनक ठरले आणि सावळजकर लोककलेच्या प्रकरणात गेले. आजही नाटकांच्या वार्षिक आढाव्यात नारायणगावचा एकही फड तुम्हाला सापडणार नाही. त्या फडानं त्या वर्षी दीडशे प्रयोग केले असले तरी.

आता नाटक म्हटलं की ते कशाविषयी, हे विचारलं पाहिजे. वगात राजा असतो, प्रधान असतो, राणी असते, आणि या सगळ्यांच्या पायात पाय घालणारा सोंगाड्या असतो. तो कधी हवालदार, कधी कुंभार, कधी नुसताच वाटसरू. राजाला उलटून बोलायची मुभा सबंध दरबारात त्याला एकट्याला. ‘गाढवाचं लग्न’ घ्या. हरिभाऊ वडगावकरांचा हा वग इंदोरीच्या दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभाराच्या भूमिकेतून अजरामर केला आणि १९७३मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोष्ट काय, तर कुंभाराच्या दारातलं गाढव प्रत्यक्षात शापित गंधर्व आहे आणि त्याचं लग्न राजकन्येशी लागायचंय. हसून हसून पोट दुखतं. पण हसता हसता प्रेक्षक तीन तास एकाच प्रश्नाभोवती फिरत असतो की वरून दिसतं ते खरं की आत आहे ते. कवलापूरच्या काळू-बाळूंनी, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी, ‘जहरी प्याला’मध्ये दोन हवालदार उभे केले तेव्हा त्यांनीही हाच खेळ मांडला. हा कोणता आणि तो कोणता, या गोंधळावर त्यांनी आयुष्यभर प्रेक्षक बांधून ठेवला.

आणि हे सगळं फारसं कागदावर नसे. जुन्या फडात सरदार, म्हणजे फडाचा म्होरक्या, कथा सांगायचा, पात्रं वाटून द्यायचा, कुठं पद येणार आणि कुठं टाळी घ्यायची हे ठरायचं. संवाद मात्र कलावंतांनी उभ्या उभ्या रचायचे. कालच्या गावात दुष्काळ असेल तर राजाच्या तोंडी दुष्काळ यायचा, आजच्या गावात सरपंचावर लोक चिडलेले असतील तर सोंगाड्या ते बरोबर हेरायचा. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत पाटील बसलेला, आणि बोर्डावर राजाच्या वेशातला मांग त्याच्यादेखत न्यायनिवाडा करतोय. रात्र सरली की राजा परत वेशीबाहेरच्या मुक्कामाला. इतकी तीव्र कलाटणी रोज सोसणारा नट कोणत्याही शहरी नाट्यगृहाला मिळालेला नाही.

ओळखीचा हा प्रश्न जुन्नर तालुक्यात एकदा अगदी उघड विचारला गेला, तोही तमाशाच्याच चौकटीत. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढच्या दशकात ओतूर हे त्याचं भक्कम ठाणं झालं. तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजी न बोलावता घरचं लग्न लावलं. गावच्या जोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी फिर्याद केली, प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. याच ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव सत्यशोधकी जलशाच्या आरंभाशी जोडलं जातं. हा जलसा म्हणजे तमाशाचाच साचा, आशय मात्र नवा. गणातला गणपती जाऊन तिथं ‘गण’ म्हणजे लोक, त्या लोकांचा नायक आला. बतावणीच्या संवादांत भटजी आणि सत्यशोधक यांची खडाजंगी आली. ढोलकी तीच, झीलकरी तेच, प्रेक्षकही तेच. पुढं नाशिककडं भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा काढला, त्याच्या वाटा अशाच गावांतून गेल्या आहेत. ‘कला आणि अस्मिता’ या विषयावर चर्चासत्रं भरतात तेव्हा ओतूरचं नाव कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. शेतकरी आणि बलुतेदारांनी स्वतःच्या हुद्द्याबद्दल, लग्नाबद्दल, देवाबद्दल रचलेली ही रंगभूमी होती, आणि ती गावच्या पारावर चालली.

फड चालतो कसा, हे पाहायचं असेल तर चैत्रात नारायणगावला जावं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं राहुट्या लागतात. प्रत्येक फडाची एक राहुटी. बाहेर कलावंतांच्या फोटोंचा मोठा फलक, आत गादी, लोड आणि डायरी घेऊन बसलेला मॅनेजर. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, पार तिकडून यात्रा कमिटीची पाच-सहा माणसं जीपमधून येतात. सोबत बहुधा एखादा मुंबईकरही असतो, कारण वर्गणीचा मोठा वाटा त्या मंडळींचा. पहिला प्रश्न तिथीचा. ‘मॅनेजर, पुनव मोकळी हाय का?’ चैत्री पौर्णिमेला निम्म्या गावांची जत्रा, त्यामुळं त्या रात्रीचा भाव सगळ्यांत चढा. तीच बारी दोन दिवसांनी बरीच स्वस्त पडते. मग नाचणाऱ्या किती, लाईट कशी, गाडी किती वाजता पोचेल. घासाघीस होते, चहा होतो, इसार दिला जातो आणि सुपारी फुटते. एका मुक्कामात शेकड्यांनी करार होतात आणि उलाढाल कोटीच्या घरात जाते.

या व्यवहाराच्या पोटात दुसरा व्यवहार आहे, उचलीचा. मोठा फड म्हणजे ऐंशी-शंभर माणसं: नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वगातली पात्रं, ढोलकीवाले, ऑक्टोपॅड-कीबोर्डवाले, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ट्रकचे ड्रायव्हर. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय तृतीयेच्या पुढं थोडा रेंगाळून संपतो. पावसाळ्याचे चार महिने घर चालवायला कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. मालक ती उचल द्यायला सावकाराकडून पैसे काढतो. म्हणजे सगळी कंपनी पुढच्या चैत्रावर पैसे लावून बसलेली. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदी लागू झाली ती त्याच दिवशी. राहुट्या उठल्या, दिलेल्या सुपाऱ्या परत गेल्या, आणि पुढच्या वर्षीचा चैत्रही तसाच गेला. त्या फटक्यातून काही फड उठलेच नाहीत. जत्रेचं अर्थकारण त्याआधीही एकदा ढासळलं होतं. २०१४मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली आणि जुन्नर-आंबेगावातल्या शर्यतींच्या घाटांवरची गर्दी आटली. डिसेंबर २०२१मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा फडमालकांनाही हायसं वाटलं असेल. गाडा पाहायला आलेलं माणूसच रात्री तमाशाला थांबतं.

बोर्डावरची रात्र पूर्वी ठरलेल्या क्रमानं चाले. आधी ढोलकी-हलगीची सलामी, मग गण. मग गौळण, आणि गौळणीत मावशी. डोक्यावरून पदर घेतलेला, कंबर मोडून चालणारा हा पुरुष एखादा शब्द बोलायच्या आत मैदान हसायला लागतं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ही म्होरकी, कृष्णानं आणि पेंद्यानं वाट अडवली की ती देवाशी भांडते. दाण म्हणून दही-लोणी मागणाऱ्या देवाला ती त्याचं कूळ विचारते, आईबाप विचारते, आणि देव निरुत्तर होतो. मावशीच्या मिशांची खूण दिसत असते, तरी कुणाला तिच्या बाईपणाबद्दल शंका नसते. गौळणीनंतर रंगबाजी, लावण्या, आणि मग वग, पहाटेपर्यंत.

याच दरम्यान माइकवरून नावं पुकारली जातात. कुणी शंभराची नोट दिली, कुणी पाचशेची. देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, मुंबईत असेल तर तिथलं ठिकाण. याला अनेक जण नाकं मुरडतात, वगाचा रसभंग होतो म्हणतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. वाशीच्या बाजारात दिवसभर पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाचं नाव वर्षातून एकदा, त्याच्या गावात, त्याच्या देवापुढं, मोठ्यानं घेतलं जातं. ओळखीची भूक बोर्डावरच्याला असते तितकीच खालच्यालाही असते.

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नववा महिना भरलेला असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पोट बांधून पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. लोकांनी ते पाहिलं तेव्हा हात जोडले, असं सांगतात. ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि त्या शौर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण बाळंतपणाच्या रात्री बाईला नाचावं लागत होतं ते कशामुळं, हे सांगणारा विचारत नाही. इसार घेतलेला होता, बारी मोडली तर गाव उठेल, उचल बुडेल, शंभर माणसांच्या चुली अडतील, म्हणून. आणि त्या रात्री कोणता वग लागला होता, हेही कुणी विचारत नाही. विठाबाई आपल्या आठवणीत नाचणारी आणि सोसणारी बाई म्हणून उरल्या. अभिनेत्री म्हणून फारशा उरल्या नाहीत. योगिराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे चरित्र लिहिलं नसतं, तर जे उरलं तेही विखुरलं असतं. १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. त्यानंतर राज्य शासनानं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो कांताबाई सातारकरांना मिळाला, वसंत अवसरीकरांना मिळाला, विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीनं त्याच कामासाठी घ्यावा, असं घराणं मराठी रंगभूमीवर दुसरं आठवत नाही.

शहरानं या रंगभूमीकडून भरपूर घेतलं. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५चं, त्यानं दादा कोंडक्यांना घराघरात नेलं. विजया मेहतांनी ब्रेख्तचं नाटक मराठीत आणताना तमाशाचा घाट वापरला. त्या काळच्या प्रयोगशीलतेबद्दल आदर आहेच. पण मूळच्या फडांच्या वगांचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, मग दत्तो वामन पोतदारांची सुधार समिती नेमली. पुढं संहिता तपासून घेण्याची सक्ती आली. त्या सक्तीपायी का होईना, तोंडी वग कागदावर उतरले. पण ते सरकारी दप्तरात आणि फडमालकांच्या ट्रंकांत राहिले. छापले गेले ते मूठभर. अभ्यासक्रमात तर त्याहून कमी.

आता वगाची जागा आणखी आक्रसली आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा निर्णय. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते. पण पालखी, छबिना, सत्कार आटोपून तमाशा उभा राहायलाच दहा वाजतात. दोन तासांत गण-गौळण उरकून सिनेमाची गाणी घेतली की वेळ संपते. वग सुरू होतो तोवर पोलिसांची गाडी कनातीपाशी आलेली असते. म्हाताऱ्या माणसांना झोपेचा हक्क आहे, परीक्षेच्या दिवसांत मुलांना शांतता हवी, हे मान्यच. नियम मोडा असं मी म्हणणार नाही. पण त्याचा सगळा भार वगावर पडला, गाण्यांवर पडला नाही, कारण सुपारी देतानाच गावकरी गाणी ठरवून घेतात. वगाचं नाव विचारणारी कमिटी आता दुर्मीळ. मग फडमालकानं वगातल्या नटाला उचल का द्यावी? चांगला सोंगाड्या तयार व्हायला दहा-बारा हंगाम लागतात, आणि त्याला बोर्डावर मिळणार अर्धा तास. त्याचा मुलगा ट्रक चालवायला शिकतो.

जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत एक गोष्ट अजून शिल्लक आहे, हजेरी. जत्रेच्या पत्रिका पाहा: पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे, दुपारी बैलगाडे, संध्याकाळी हारतुरे, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, त्यानंतर कुस्त्या. ग्रामदैवताच्या पुढ्यात दिवसाउजेडी फडानं हजेरी लावायची, ही जुनी रीत. दिव्यांचा झगमगाट नाही, धूर नाही, पडदे नाहीत. तोंडावर ऊन घेऊन कलावंत उभे राहतात, आणि रात्री न येणाऱ्या बायाबापड्या, शाळकरी पोरं समोर बसतात. आज हजेरीत दोन-चार गाणी आणि थोडी बतावणी होऊन नारळ-फेटा दिला जातो. तिथं वग लावता येईल. सकाळी नऊ ते बारा दहाच्या नियमाची आडकाठी नाही, मैदान मोकळं असतं, गाव जमलेलं असतं आणि फड आदल्या रात्रीपासून तिथंच असतो. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी तीन तास वग ओढायचा तर कलावंतांना वेगळा मोबदला द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा. बैलगाड्याच्या बक्षिसात मोटरसायकली ठेवणाऱ्या गावांना ते जड नाही. राहुटीत करार लिहिताना तिथी, वेळ आणि रक्कम यांच्याखाली एक ओळ वाढवायची: वगाचं नाव, त्याचा लेखक, आणि सोंगाड्या कोण.